चौघं येणार आहेत

बंद पडलेल्या ऑफिसच्या खुर्च्या विकता येतात, किश्श्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. आमच्या ॲपला माणसं मिळाली नाहीत, किस्से मात्र ढिगाने मिळाले. आम्ही चौघं अजूनही कधी भेटलो की एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटून येतो आणि चहा गार होतो.

ॲप साधं होतं. नाशकात नव्याने राहायला आलेल्या माणसाला आपल्या गल्लीत काय चाललंय ते कळावं, म्हणजे कुठे भजन, कुठे हळदीकुंकू, कुठे सोसायटीची कोजागरी. वाघ सर मालक. तुषार कोड लिहायचा, शेफाली मंडळं आणि सोसायट्या पालथ्या घालून कार्यक्रम आणायची, आणि डिझाइन माझ्याकडे. ऑफिस इंदिरानगरात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आमच्या प्रत्येक मीटिंगला खालून कुणीतरी कण्हत असायचं!

*

पहिल्या डिझाइनमध्ये प्रत्येक कार्यक्रमाखाली दोन बटणं होती : ‘येणार’ आणि ‘नाही येणार’. महिनाभरात दुसरं बटण एकानेही दाबलं नाही. आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं! म्हणून मी तिसरं बटण दिलं, ‘बघू’. दुसऱ्या दिवसापासून सगळे तेच दाबायला लागले.

सिडकोतल्या एका भजनाला अख्ख्या गल्लीने ‘बघू’ केलं. प्रत्यक्षात आले पेटीवाले आणि तबलजी, तेही यजमानांचे साडू निघाले.

*

देवळाली कॅम्पातून एका फौजीची बायको शहरात राहायला आली होती. ॲपवर बघून ती शेजारच्या इमारतीत हळदीकुंकवाला गेली. दारात यजमानीणबाईंनी गोड आवाजात विचारलं, तुम्ही कोणाकडच्या? तिने मोबाइल दाखवला. बाईंनी मोबाइल नीट वाचला, तिथेच उंबऱ्यात कुंकू लावलं, वाण दिलं आणि हसून दार लोटून घेतलं.

शेफालीने हे सांगितल्यावर वाघ सरांनी प्रोफाइलमध्ये ‘कोणाकडचे?’ असा रकाना टाकायला लावला. सगळ्यांनी तो कोरा सोडला. सर म्हणाले, कम्पल्सरी करा. केलं. नवीन नोंदणीच थांबली.

तुषार म्हणाला, “सर, ते कोणाकडचे असते तर त्यांनी आपलं ॲप कशाला घेतलं असतं?”

*

एका घराने चुकून दशक्रियेची माहिती ॲपवर टाकली. स्थळ, गोदाघाट. प्रत्येक कार्यक्रमाला ॲप आपोआप मेसेज पाठवायचं, आणि तो मेसेज मीच लिहिलेला होता : ‘आज तुमच्या जवळ! नक्की या, धमाल करू!’ दुसरा अख्खा दिवस मी त्या घरच्यांची माफी मागण्यात घालवला. अजून आठवलं की कान गरम होतात.

पण तो मेसेज वाचून एक माणूस तिथे गेला होता. शेवाळे काका. मूळचे नांदगावचे, तिथल्या बाजारात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. काकू गेल्यावर मुलाने त्यांना पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर आणलं. मुलगा आणि सून सकाळीच अंबडला कंपनीत जायचे, मग दिवसभर काका आणि भिंती. ॲपवर मदतीसाठी माझाच नंबर होता; ॲप घेतलं त्याच दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, “दिवाळीपर्यंत बघतो. चार माणसं वळखीची झाली तर राहीन, नायतर गावाकडं परत.”

अनोळखी माणसाच्या दशक्रियेला कशाला गेलात, म्हणून मी विचारलं.

“लय थोडी माणसं होती, पोरी,” ते म्हणाले. “म्हणून थांबलो.”

*

तेव्हापासून काका आमचे भरवशाचे टेस्टर झाले. नवीन काही केलं की आधी त्यांना दाखवायचं. कार्यक्रम झाल्यावर यजमानाला ॲप विचारणार होतं, कसा झाला? त्यात एक पर्याय होता : ‘पाहुणे आले नाहीत’. काकांनी त्यावर बोट ठेवलं.

“हे काढून टाका. बोलावलेला माणूस आला नाय, असं लिहून ठिवू नये. त्याला पुन्हा तोंड दाखवता येत नाय.”

मी मान डोलावली. पर्याय काढला नाही. आम्हाला डेटा हवा होता ना!

*

रिकामे कार्यक्रम बघून यजमान खचायचे. त्यावर तुषारने तोडगा काढला. चार खोटी खाती उघडली, आमच्या चौघांच्या वाट्याची एकेक, नावं काल्पनिक. कुणीही कार्यक्रम टाकला की पाच मिनिटांत चौघंही आपोआप ‘येणार’. भजनाच्या गर्दीत चार माणसं कमी पडली तर कुणाला कळतंय? आम्ही त्या चौघांना वाढदिवसही ठरवून दिले होते. फार हसायचो.

मग काकांनी स्वतःचा कार्यक्रम टाकला. ‘शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे चहा-पोहे. कुणीही या.’ शुक्रवारी तो बघून मला किती बरं वाटलं! खाली बरेच ‘बघू’ होते आणि चार ‘येणार’. ते चार कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी साडेसहाला काकांचा फोन आला.

“पोरी, चौघं येणार हायेत, अजून आले नाय. पत्ता बरोबर दिसतोय का बघ जरा. लिफ्ट बंद हाय, ते लिहायचं राहिलं माझं.”

पत्ता बरोबर आहे, येतील, असं मी म्हटलं. त्या वेळी मी कॉलेज रोडला होते. निघाले असते तर अर्ध्या तासात पोचले असते. गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

*

रविवारी ॲपने ठरल्याप्रमाणे काकांना आपोआप विचारलं, कार्यक्रम कसा झाला? त्यांचं उत्तर आम्ही सोमवारी ऑफिसात उघडलं. तुषारने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दिवाळीला अजून महिना होता.

उत्तर पाठवल्याचं ठिकाण : नांदगाव.

पाच तारे दिले होते. ‘पाहुणे आले नाहीत’वर खूण नव्हती. खाली लिहिलं होतं,

“चौघंही आले होते. माणसं भली आहेत. पोहे पुरले.”