गौतमचा कर्नल आणि माझी उसनी फाइल

गौतम गेला त्या दिवशी त्याची फाइल मी पुसली.

आज वर्ष झालं. त्याच्या घरी अजून कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

गौतम माझा नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातला दोस्त. तो नायगाव तालुक्यातला, मी अहमदपूरची. चार वर्षं एका बेंचवर बसून नुसते भांडलो.

त्याला एकच नाद. कर्नल लिहायचा. म्हणजे मशीन सुरू झाली की सगळ्यात आधी जागा होणारा आणि बाकीच्या प्रोग्रामना कामाला लावणारा प्रोग्राम. लोक तयार घेतात. हा शहाणा स्वतः लिहिणार!

त्याच्या आईनं भावकीत सांगून टाकलं, "आमचा गौतम कर्नलला लिहून राहिला." सहा महिने लोक विचारायचे, मिलिटरीतून उत्तर आलं का.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून.

आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देतो तो कंपायलर. तो सोबत काही छोट्या फाइली देतो. आकडा केवढा धरायचा, प्रोग्रामच्या एका भागानं दुसऱ्याला दिलेले आकडे कुठून उचलायचे, असलं सगळं त्यात. हेडर फाइल म्हणतात त्यांना.

मी म्हणायचे, आयतं मिळतंय तर घे की.

"न्हाई. या फाइलीबी मी हातानंच लिहिणार. कर्नल सगळ्याच्या तळाला असतो. त्यानंच उसनवारी केली की संपलं."

ते साल दुष्काळाचं. त्यात नव्या जिल्ह्याची हवा. उदगीर जिल्हा होणार, अहमदपूर तिकडं जाणार, बस स्टँडवर जो तो हेच बोलायचा. गौतमला आयतंच सापडलं.

"संगे, उद्या मुंबईत एक कागद निघाला की तुझं गाव लातूरचं ऱ्हात न्हाई. तुला विचारतंय का कुणी? कंपायलरवाले तसेच. फाइल बदलतील आन् तुला पत्ताबी लागायचा न्हाई."

"अरे येड्या, पण पोस्टमन नवाच जिल्हा धरणार ना? तू जुनाच पत्ता लिहीत बसलास तर पत्र जाईल कुठं?"

यावर तो चहा मागवायचा.

तोच कर्नल त्यानं गावच्या पाण्याच्या टाकीला लावला.

टाकी टेकडावर. विहीर आणि मोटार लांब, खाली शेतात. टाकी किती टक्के भरली ते वायरीतनं गौतमच्या खोलीतल्या चिपच्या बोर्डात यायचं, त्यावर त्याचा कर्नल चालायचा, आणि तिथून स्क्रीनवर. मग हा मोटारीवरच्या दत्तामामाला फोन करायचा, बंद करा.

विहिरीत आठ दिवसांत कसंबसं एक टाकीभर पाणी साठायचं. वाहून गेलं की गावाला पुढचे आठ दिवस बोंब.

आणि बोर्ड जळाला.

गौतमनं नांदेडहून नवा आणला. चिप वेगळी. प्रोग्राम टाकायचा राहिला आणि हा तापानं आडवा झाला. चौथ्या दिवशी गेला.

मी पोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला आंघोळ घालायला शेजाऱ्यांनी दोन घागरी दिल्या होत्या. घरात थेंब नव्हता.

त्याची आई, मी मावशी म्हणते त्यांना, गळ्यात पडल्या. रडता रडता म्हणाल्या, "माय, आज मोटारीची पाळी हाय. त्याचं मशीन तुलाच येतं. बघ गं तेवढं. गाव तान्हेलंय."

गर्दीतनं वाट काढत मी सरळ त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, एवढं काम उरकते, मग त्याच्याजवळ बसते.

पहिल्यांदा त्याच्याच फाइली घेतल्या, जशाच्या तशा. बोर्डात टाकलं.

स्क्रीनवर आलं, ९१ टक्के.

टाकी दोन दिवसांपासून खडखडीत होती!

जुन्या चिपसाठी कंपायलर आकडे जिथं ठेवायचा, नव्या चिपसाठी तिथं ठेवत नव्हता. गौतमनं हातानं लिहिलेली फाइल मात्र जुन्याच जागी चाचपडत होती.

म्हणजे माझंच बरोबर. चार वर्षं भांडून मी जिंकले, आणि तो बाहेर ओसरीत निजवलेला. आग लागो असल्या जिंकण्याला.

दत्तामामाचा फोन. "पोरी, लाइट आली. सोडू का मोटार?"

"पाच मिनिटं, मामा."

"लाइटीचा काय भरवसा हाय गं?"

"सॉरी रे गौत्या," असं मोठ्यानं म्हणाले आणि त्याची फाइल पुसली. कंपायलरची लावली. घाईत एक ओळ तीनदा लिहिली.

३ टक्के.

"सोडा, मामा."

मग बसले आकडा बघत. १२. २०. ३५.

आणि डोक्यात भलतंच सुरू झालं. हा आकडा तरी खरा कशावरून? जिच्यावर सगळ्या गावाचं पाणी सोपवलं ती फाइल मी धड वाचलीसुद्धा नव्हती. हेच तर तो बोंबलून सांगायचा. आणि आता विचारायचं कुणाला?

आजही नवा कंपायलर आला की त्याच्या फाइली आधी ओळ न् ओळ वाचते. माझं मत बदललेलं नाही. आकडे ज्यानं ठेवले, कुठं ठेवले ते त्यालाच विचारावं. पण असं दुसऱ्यावर विसंबलं की झोप जाते, हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

८१ ला मावशी दारात आल्या. "चल गं माय, नेऊन राहिले त्याला. बघून घे."

"आले, मावशी. दोनच मिनिटं."

८८. ९०. डोळे हलवायची भीती वाटत होती.

९५ ला फोन केला. मोटार बंद. मामांनी नंतर टेकडावर जाऊन बघितलं, एक थेंब सांडला नव्हता.

मी पळत बाहेर आले.

अंगण रिकामं होतं.

गौतम, त्या पाण्यावर गावानं आठ दिवस काढले. पण तुझं तोंड बघायचं माझं राहून गेलं रे.

जय भीम, दोस्ता. त्या दिवशीचा निरोप आज घेते.