दोन्ही देशांतलं गाव

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एका देशाची परराष्ट्रमंत्री झाले. कोट वर्गातल्या एका मुलाचा, माझ्या खांद्यांवरून लोंबणारा. पण रुबाब असा की विचारू नका. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांची नकली शांतता परिषद भरली होती. उत्तरदेश माझा, दक्षिणदेश माझ्या होस्टेलातल्या मैत्रिणीचा. सकाळी एकाच ताटलीतले पोहे खाल्ले आणि दहा वाजता मी तिला ‘सन्माननीय प्रतिनिधी’ म्हणायला लागले. ती तोंडाला ओढणी लावून हसत होती.

तंटा होता डोंगरातल्या एका तलावाचा. तलाव दोन देशांत निम्मा निम्मा वाटायचा, आणि सरहद्द कॉम्प्युटरवरच्या नकाशात संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आखायची. जमलं तर आम्ही दोघी स्पर्धेच्या नागपूरच्या फेरीला जाणार, नाहीतर दुसरी जोडी. जगाच्या शांततेचं मला काही पडलं नव्हतं. मला नागपूर हवं होतं, तिच्यासोबत. परीक्षा झाली की ती भावाकडे हैदराबादला कायमची जाणार होती. मेट्रोत बसायचं, बर्डीच्या बाजारात भटकायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं आम्ही.

सरांनी नकाशासाठी उपग्रहाचं खरं चित्र घेतलं होतं, फक्त नावं पुसली होती. दुपारी मी ते मोठं करत गेले, तशी ती खुर्ची ओढून पुढे आली.

“थांब. हे तं आमचं गाव हाये.”

“कायचं गाव? वादग्रस्त भाग हाये हा.”

“हे चिंचेचं झाड पाय. अन् हे निळे टिन आमच्या घरावरचे.”

तिचं गाव जिवतीच्या डोंगरात, तेलंगणाच्या हद्दीला लागून. दोन्ही राज्यं त्याला आपलं म्हणतात. गावात एक शाळा मराठी, एक तेलुगू. ती मराठी शाळेत शिकली, भाऊ तेलुगू शाळेत. त्यात वावगं काय, हे तिथल्या कुणालाच कळत नाही. त्यामुळे तिने सरळ गाव दक्षिणदेशात घेतलं आणि मला म्हणाली, तू पण घे. मीही ते उत्तरदेशात घेतलं. तोडगा आम्हाला झकास वाटला. कॉम्प्युटरला नाही वाटला. अख्खं गाव लालभडक झालं. एक जागा एकाच देशात, असा त्याचा हट्ट.

पाच वाजत आले होते.

“रेघ मार नं,” मी चिडले. “खोटंच तं हाये सारं.”

“माहीत हाये मले. तूच मार. मह्यानं नाई होत.”

तिचे डोळे भरले होते. मला इतका राग आला की तो कोट काढून फेकावासा वाटला. माऊस घेतला. तलावाच्या मधोमध रेघ ओढली, निळ्या टिनांपर्यंत आणली. त्या टिनांखाली मी दिवाळीत झोपले होते. दोन्ही शाळांची पोरं अंगणात मिळून फटाके उडवत होती, आणि तिच्या आईने मला उठवून अनारसा खायला लावला होता. पुढे हात जाईना. मी रेघ पुसून टाकली.

दुसरी जोडी नागपूरला गेली. आम्ही बसस्टँडवर समोसे खाल्ले.

आता मी नागपुरातच नोकरी करते, रोज मेट्रोने जाते. रेघ मारली नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. फोनवर ती दर वेळी म्हणते, येते गं एकदा. मीही म्हणते, ये. इतकी वर्षं झाली, ती आलेली नाही, आणि बर्डीचं स्टेशन आलं की मला तिची फार आठवण येते.