बानूनं ऐकवलेली अल्को

नझीर चौगुलेला बहारीनमध्ये सगळे जनरेटरचा मिस्त्री म्हणून ओळखतात, पण त्याचा हात बसला तो रेल्वेच्या इंजिनावर. तरुणपणी तो मुंबईच्या एका डिझेल शेडात अप्रेंटिस होता. तिथं दुरुस्तीला अल्को इंजिनं यायची. मूळची अमेरिकेची, गेल्या शतकाच्या मधल्या काळातली. पहिली बोटीनं आली, पुढची बनारसला बनली. मालगाडीला जोडा, पॅसेंजरला जोडा, यार्डात डबे ढकलायला लावा, कुरकुर नाही. फक्त काळा धूर ओकायची, आणि आवाज असा की छातीत घुमावा. नझीरला त्या आवाजाचं वेडच लागलं. पण रेल्वेत कायम होईपर्यंत थांबायला घरचे तयार नव्हते. मामानं व्हिसा पाठवला आणि रूळ औषधालाही सापडत नाहीत अशा बेटावर तो येऊन पडला.

पहिल्या सुट्टीत बानूशी निकाह झाला. खेडजवळ घर. पुढं कोकण रेल्वे आली, ती नेमकी त्यांच्या परसामागून. तिथं चढ होता. मालगाडी चढाला लागली की अल्को धापा टाकायची आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची.

“माझी सवत आली बगा,” बानू फोनवर म्हणायची. “कापडं काळी करून गेली.”

मग ती फोन घेऊन मागच्या दारी जायची आणि हात लांब करून इंजिनाचा आवाज त्याला ऐकवायची. बहारीनमध्ये, सलमानिया मोहल्ल्यातल्या खोलीत, इतर तिघांच्या गलक्यात, नझीर एका कानात बोट घालून ऐकायचा.

“एक सिलिंडर नीट पेटत नाय तिचा,” तो म्हणायचा.

“इंजिनाचं सगळं कळतं तुमाला. माझ्या आवाजातलं काय कळतं का?”

तो हसायचा. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी, बाकी संसार असा फोनवर. नुसरत जन्मली, शाळेत गेली, चिपळूणला सून म्हणून गेली.

काही वर्षांपूर्वी रुळांवर विजेच्या तारा आल्या. डिझेल इंजिनं हळूहळू गेली. “आता गाडी कवा येते नी कवा जाते, कळत पन नाय,” बानू म्हणाली. त्यानंतर तिचं बोलणं आखडतं झालं. नझीरला वाटलं, वय झालं, बोलायला उरलंय तरी काय. दोन मिनिटांत ती “ठेवते” म्हणायची. तोही ठेवायचा.

त्या दिवशी तो बहारीनमधल्याच बुदैया गावात एका बागेच्या जनरेटरवर काम करत होता. नुसरतचा फोन आला. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं जनरेटर बंद केला.

“अब्बा, अम्मी गेली.”

“कुठं?” त्यानं विचारलं.

नुसरत रडत राहिली. मग त्याला समजलं. तो वाळूतच बसला.

“अब्बा, चाचा विचारतायत. तुम्ही येईपर्यंत थांबायचं का?”

कितीही घाई केली तरी उद्या संध्याकाळच्या आत तो पोचत नव्हता. मशीद, गावकरी, उन्हाळा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

“नका थांबू,” तो म्हणाला. “माती द्या तिला. माझी वाट बघतच तर जन्म गेला तिचा. आता आनखी ताटकळत नका ठेवू.”

वर्कशॉपचा मालक अहमद त्याला स्वतः विमानतळावर घेऊन गेला. वाटभर एवढंच म्हणाला, “सब्र, नझीर, सब्र.”

घरी पोचल्यावर सगळं कळलं. पोटात गाठ होती. वर्षभर औषधं चालू होती. दोन मिनिटांच्या वर बोललं की तिला धाप लागायची, म्हणून फोन लवकर ठेवायची.

“मला का नाय सांगितलंस?” नझीर पोरीवर ओरडला.

“तिनं शपथ घातली होती. ईदला येतायत ना, तेव्हा सांगू म्हणाली. तिकडं एकटे आहेत, जेवणार नाहीत म्हणाली.”

“रोज बोलत होतो गं मी तिच्याशी,” तो म्हणाला. “रोज. इंजिनाची धाप कळायची मला, हजार कोसांवरून. नी तिची नाय कळली.”

परसामागून विजेची गाडी निघून गेली. त्यानं मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी कबरस्तानात गेला. माती अजून ओली होती. फातेहा म्हणताना शब्द अडकले, पुन्हा सुरुवातीपासून म्हणावे लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो चहा करायला चुलीपाशी गेला. साखर कुठल्या डब्यात, त्याला ठाऊक नव्हतं. एक उघडला, मीठ. दुसरा, तांदूळ. आवाजानं नुसरत उठून आली. फळीवरचा डबा काढून तिनं त्याच्या हातात दिला, आणि स्वतःच्या घरात पाहुणा असल्यासारखा तो ओशाळला.

“अब्बा, आता नका जाऊ,” ती म्हणाली. “पुरे झालं. मी येत जाईन चिपळूणहून.”

“इथं राहून काय करू? इथं ती नसल्याचं पावलोपावली कळतं. तिकडं निदान तिच्याविना राहायची सवय हाय.”

सुट्टी संपायच्या आधीच तो निघाला. दारात रिक्षा उभी होती. नुसरत कुलूप घालता घालता हुंदके द्यायला लागली. तिला पोटाशी धरावं असं त्याला फार वाटलं, पण लहानपणानंतर त्यानं तिला कधी जवळ घेतलंच नव्हतं. कसं घ्यायचं, ते उमगेना. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि रिक्षात जाऊन बसला.