बैलाच्या दाव्याला
शेजारच्या घरी गुळाचा पाक जरा करपला, की मला घाटावरचं, काष्टी गावाकडचं ते गुऱ्हाळ आठवतं. दुष्काळाच्या आगेमागे शाळा सोडून पोटासाठी कोकणातून तिकडं गेलेला मी मिसरूडही न फुटलेला पोरगा, आणि वर्षभरातच हातभट्टीच्या दारूवाचून सकाळी माझे हात थरथरायला लागले. एकदा पिऊन उसाचा रस उकळणाऱ्या मोठ्या कढईजवळ, काहिलीजवळ गेलो आणि तोल गेला. गूळ करणाऱ्या मामांनी मानगूट धरून मागं ओढलं, तसंच गोठ्यात नेलं आणि बैलाच्या दाव्यानं खुंट्याला बांधलं. "समजावून सांगनं सपलं आता," ते म्हणाले, "न्हाई तर जा गावाकडं, उपाशी मर." दुसऱ्या दिवशी अंग कापायला लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. ऊस सोलणाऱ्या बाया येता-जाता हसायच्या, "काय रं कोकन्या, वैरन टाकू का?" मी रडून म्हणालो, "मामा, पाया पडतो, एक घोट द्या." मामांनी खरंच पेला भरून आणला, माझ्या नाकाखाली धरला आणि सावकाश शेणात ओतला. "चाट," म्हणाले. मी वाकलो. दावं आखूड होतं म्हणूनच पोचलो नाही. सगळे हसले, मामा तेवढे हसले नाहीत. त्यानंतर मी कधी प्यालो नाही. आता या परक्या मुलखात एक आई दारूच्या नादी लागलेल्या आपल्या पोराला घेऊन माझ्याकडं येते आणि विचारते, तुमची कशी सुटली? मी म्हणतो, एका देवमाणसानं समजावलं. ते खोटं नाही, मी जगलो तो मामांमुळंच. पण कसं समजावलं ते सांगत नाही, कारण ती तसंच करील याची मला भीती वाटते.