घोडीच्या कपाळावरचा गुलाब

औरंगपुऱ्यात बॅगांचं दुकान चालवणाऱ्या सरदारभाईंना एकच नाद होता. इंग्रजांच्या काळात ‘सर’ किताबासोबत मिळणारी मानचिन्हं ते गोळा करत. त्यातला त्यांचा जीव की प्राण म्हणजे गळ्यात घालायचा लाल मिन्याचा गुलाब. हा गुलाब ज्या मानकऱ्याचा, त्याचाच छातीवरचा तारा सोयगावातल्या एका घरात निघाला, तेव्हा त्यांची बायको जहांआराबी दवाखान्यात होती. भेटायला आलेल्या तात्यासाहेबांना, याच नादातल्या जुन्या दोस्ताला, ते म्हणाले, “सोयगावला तेवढा निरोप द्या. मी येईस्तोवर तारा कुणाला देऊ नका म्हणावं.”

तात्यासाहेबांनी निरोप दिलाच नाही. तारा स्वतःच घेतला. वर हसून म्हणाले, “नादात कोण कुणाचा, सरदारभाई? आता गुलाबबी मलाच द्या, जोडी होऊन जाईल.”

सरदारभाईही हसले. पण ही गोष्ट त्यांच्या मनातून काही गेली नाही.

तात्यासाहेबांच्या नातीचं, सायलीचं, लग्न मुकुंदवाडीत निघालं. आमंत्रण आलं. सरदारभाईंनी आधीच घोडीवाल्याला गाठलं आणि गुलाब त्याच्या हाती ठेवला. “नवरीच्या आजोबांची हौस हाय. घोडीच्या कपाळावर बांध.”

वरात मांडवाशी आली. स्वागताला पुढं झालेल्या तात्यासाहेबांनी गुलाब ओळखला आणि हातातला नारळ विसरले. “अरे, पडंल ना तो!” म्हणत त्यांनी थेट घोडीच्या कपाळाला हात घातला. घोडी उधळली. नवरदेव घसरून खाली, फेटा बँडवाल्यांच्या पायात. विहीणबाई कडाडल्या, “पोराचा जीव चालला व्हता, अन् तुमचा डोळा घोडीच्या दागिन्यावर व्हय?”

मांडवभर हशा पिकला. खांबाआडून बघणाऱ्या सरदारभाईंना ईदचा शीरखुर्माही कधी इतका गोड लागला नव्हता. सायली दारात रडत होती. तिच्याकडं मात्र त्यांनी बघितलं नाही.

घोडीवाल्यानं परत दिलेल्या गुलाबाची एक पाकळी उडाली होती.

“क्या मिला तुमकू?” जहांआराबीनं विचारलं.

“जो चाहिए था, वोइच मिला.”

चार दिवसांनी तात्यासाहेब दुकानात आले. रुमालातला तारा त्यांनी गल्ल्यावर ठेवला. “चुकलं माझं. व्याह्यांपुढं तोंड दाखवायची सोय राहिली नाय. पण तारा तुम्हीच ठेवा, जोडी तरी होऊ द्या.”

सोन्या-चांदीच्या किरणांचा तो तारा सरदारभाईंनी मन भरेस्तोवर न्याहाळला. मग पुन्हा रुमालात बांधून त्यांच्या हातात दिला.

“न्या. तुमच्या घरी जोडी व्हायची नाय, अन् माझ्या घरी मला नको.”

तात्यासाहेब बसूनच राहिले. सरदारभाई गिऱ्हाइकाला बॅगेची चेन उघडून दाखवू लागले.