टॉर्क पान्याले लागलेला हात

"ठेव बे खाली! पूजेच्या पान्याले तुनं हात लावला?" मालक ओरडला.

दसऱ्याचा दिवस. राजुऱ्याच्या गॅरेजात सगळे हत्यारं डिझेलनं धुऊन चादरीवर मांडले होते. जॅक, पाने, हातोडे. धुतले कोणं? मीच. मधात लाल डब्यात टॉर्क पाना, मालकाचा लाडका. नट किती कसाचा तो आकडा त्याच्यावर लावाचा, तेवढा कसला का 'कट' वाजते, तिथी थांबाचं. मी तो पुसाले उचलला फक्त. मालकानं हिसकला आन गिऱ्हाइकाईसमोर त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. मी गोंड. याईच्या गाड्याईखाली पाठ काळी केली तवा विटाळ नाई, पान्याले झाला! एकजण फिदीफिदी हासला. घरी चूल पेटवाची होती म्हणून बाकीचे पाने पुसत बसलो.

मंग रीतच पडली. बड्या लोकाईच्या गाड्या मालकाचा पुतण्या टॉर्क पान्यानं कसे. आलापल्लीकडच्या, जंगलातल्या गावाईच्या सवारी जीपा माझ्याकडं. साध्या पान्याले लोखंडी पाइप अडकवाचा आन अंगाचा भार टाकाचा.

"तुमा जंगलातल्या लोकाईच्या हाताले अंदाज असते," मालक म्हणे.

कायचा अंदाज बे! जास्त कसला त बोल्ट आतून मरते आन एक दिवस तुटते. कमी राह्यला त चालत्या गाडीचं चाक निंघते. हे त्यालेई ठाऊक होतं. म्हणूनच साहेबाच्या गाडीले पाइप लागत नव्हता.

उन्हाळ्यात एक जीप आली. मागचे दोनई चाकं बदलाचे होते. माझ्या फुईच्या, बापाच्या बहिणीच्या, गावच्या बाया उतरून सावलीत बसल्या, मोहाचे टोपले घेऊन. एक पोटुशी होती. मी पाइप हातात घेतला आन किळस आली. मालकाची आली, तसं करून राह्यलेल्या माझ्या हाताचीई आली.

पाइप फेकला. लाल डबा उघडला, आकडा लावला. एक नट इकडचा, एक समोरचा, सावकाश ओढला. कट. मालक धावत आला.

"तो साहेबाईच्या गाडीसाठी हाय!"

"मंग तुमी बसा या जीपमधी, मालक. पाइपानं कसून देतो."

तो जीपपासून मागं सरकला. तोंड पाहासारखं झालं होतं. मी सगळे नट कसले, पान्याची स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून सैल केली, पाना डब्यात ठेवला आन काम सोडून निंघालो.

आता आलापल्लीत माझं टिनाचं गॅरेज हाय. पाना चंद्रपूरहून आणला. दुकानदार ट्रकचा मोठा गळ्यात मारत होता. मी म्हटलं, जीपच्या चाकाच्या नटाचा आकडा ज्याच्या पट्टीच्या मधात येते, तो दे.

परवा मालकाचा निरोप आला. "वापस ये. टॉर्क पान्याले हात लावू देतो."

देतो म्हणे! थू.

नाई जाणार. माझ्या हाताले परवानगी देणारा अजून जन्माले याचा हाय.