समोरचे फुलबॅक

"आमच्याकडे येऊन राहा, मालवणसारखी शांतता कुठे नाही," असं एका निवृत्त हॉकीपटूला मी सांगितलं. चूक माझीच. त्यांच्या टीममधला एक पुण्यात फ्लॅट घेऊन राहिला, एक मुलीकडे कॅनडाला गेला, एकाने गोव्यात हॉटेल काढलं; हे मात्र माझ्या शब्दावर विसंबून वडिलांच्या जागेत, थेट माझ्या घरासमोर, घर बांधून बसले. त्या दिवशी शांततेनेही निवृत्ती घेतली.

गोलापुढे भिंत होऊन खेळलेल्या या समोरच्या फुलबॅकइतका चिडका माणूस अख्ख्या किनारपट्टीवर नाही. सकाळी उठल्याबरोबर ते चिडतात. कोणावर, ते चहानंतर ठरतं. पर्यटकांनी त्यांच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, गाडी लावली, की हे स्टिक आडवी धरून, गुडघ्यात वाकून असे उभे राहतात की ड्रायव्हर आपण होऊन रिव्हर्स टाकतो. मासळीबाजारात एका बाईच्या आधी मी बांगड्यांच्या वाट्याला हात घातला, तर भर बाजारात शिट्टी फुंकून ओरडले, "फाउल! दोन मिन्टां भायर!" मी खरंच बाहेर जाऊन उभा राहिलो. बांगडे संपले.

फक्त संध्याकाळी त्यांचा राग खोटा वाटायचा. भात कापल्यावर देवळाजवळचा माझा कुणगा, शेताचा छोटा तुकडा, मोकळा पडतो. तो मी त्यांना गावातल्या मुलींना हॉकी शिकवायला दिला होता. ढेकळं फोडून, रोलर ओढून त्यांनी त्याचं मैदान केलं. तिथंही ओरडायचेच, पण मुली हसायच्या: "सर, आज आवाज बसलो काय?"

मग क्रिकेटवाल्यांनी स्पर्धेच्या उद्घाटनाला मला शाल घातली, हातात नारळ दिला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे गावाच्या वतीनं मागणं मागायला, सांगितलं. मागून अख्खा गाव "व्हय महाराजा!" म्हणतो तेव्हा माणसाला चढते. मला जरा जास्तच चढली. "ह्यां क्रिकेट पावसापर्यंत माझ्याच कुणग्यात होवंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव गरजला.

वळून पाहतो तर बांधावर फुलबॅक, मागे स्टिका घेतलेल्या मुली. आणि शब्द तर देवासमोर गेलेला. तो परत कोण घेणार?

फुलबॅक ओरडले नाहीत, याचाच मला राग आला. समोर त्यांच्या घरी गेलो तर ते बॅग भरत होते. "पुण्याच्या मित्राक फोन केलंय. फ्लॅट बघता तो."

"जावा!" मीही भडकलो. "एका कुणग्यासाठी गाव सोडतास?"

"कुणग्यासाठी नाय रे मेल्या! त्या हॉकीच्या चेडवांक मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ घेऊन देवळात गेलो. मोठ्यांपैकी कोणी फिरकलं नाही. मुली तेवढ्या आल्या. दिलेला शब्द मोडता येत नाही, पण दुसरा देता येतो. मी चिडूनच गाऱ्हाणं घातलं: "घरामागच्या कुणग्यातले माझे कुळीथ उपटतंय, थंय हॉकी होवंदे! आणि ह्या रागीट माणसाक हंयच ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मुली अशा किंचाळल्या की देवळावरची कबुतरं उडाली.

दिवसभरात कुळीथ उपटून झाले, आणि संध्याकाळी घरामागे रोलरचा आवाज आला. फुलबॅक एकटेच ओढत होते. पाठमोरे, वाकलेले, मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. मी गुपचूप दुसरा दांडा धरला. बऱ्याच वेळाने भीत भीत विचारलं, "मगे, पुण्याचो फ्लॅट?"

रोलर न थांबवता ते म्हणाले, "आपल्याच गोलात बॉल मारणारो तुझ्यासारखो गाढव गावात आसताना फुलबॅकान जावचा खंय?"